दुधाच्या टँकरची पाणबुडी

पाणबुडी हरवल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या कॉलनीच्या बागेत प्राणायाम आटोपून चपला घालता घालता मी बोलून गेले, "ती माणसं गेली. संपर्क तुटला ना, त्याच क्षणी गेली." बाकावर बसलेल्या सात-आठ जणींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती बुडवून आले होते.

तुम्हालाही ते दिवस आठवत असतील. फार पूर्वी बुडालेलं एक मोठं जहाज समुद्राच्या तळाशी जाऊन बघायचं, म्हणून पाच माणसं एका छोट्या पाणबुडीत बसून गेली आणि खाली जाता जाता गप्प झाली. त्यात एक बाप होता आणि त्याचा कॉलेजच्या वयाचा मुलगा. पुढचे चार दिवस सगळं जग त्यांना शोधत होतं. आत चार दिवस पुरेल इतकी हवा आहे, असं टीव्हीवाले सांगत होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात उरलेले तास दाखवत होते.

आमच्या नाशिकला समुद्र नाही. पाणी म्हणजे गोदावरी, धरणं आणि द्राक्षवाल्यांची शेततळी. पण त्या चार दिवसांत भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला खोल पाण्यातलं सगळं कळत होतं. शेजारच्या काकूंनी देवापुढे दिवा लावून ठेवला होता. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "एवढा पैसा झाला की मरायलासुद्धा लांब जावं लागतं." आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पहिल्या दिवशी हात जोडलेले होते, दुसऱ्या दिवशी विनोद सुरू झाले. तिसऱ्या दिवशी पाण्याखालून ठोके ऐकू आल्याची बातमी आली, तसे विनोद थांबले आणि पुन्हा हात जोडले गेले. माझा भाचा म्हणाला, "मावशी, हे सगळं विम्यासाठी केलेलं नाटक आहे, लिहून ठेव." कोणी म्हणालं, सरकारला सगळं माहीत आहे, लपवताहेत. कोणी पाणबुडीच्या आतला म्हणून एक व्हिडिओ पाठवला. त्यात माणसं रडत होती आणि प्रत्येकाच्या हाताला सहा बोटं होती.

मला त्यातलं काहीच पटत नव्हतं. प्रार्थना नाही, विनोद नाही आणि नाटकाची गोष्ट तर मुळीच नाही. सगळ्यात जास्त संशय मला त्या कोपऱ्यातल्या तासांचा येत होता. आमचे हे म्हणाले, "अगं, निदान तोंडानं तरी बरं बोल. तुला जिथं तिथं भेगच दिसते."

ते खरं आहे. तीच माझी नोकरी होती.

सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं टाक्या तपासल्या. हवेच्या, वाफेच्या, गॅसच्या, म्हणजे ज्यांच्या आत दाब असतो अशा लोखंडी टाक्या. आयटीआय करून लागले तेव्हा त्या शेडमध्ये मी एकटी बाई होते. पहिली दोन वर्षं लोक माझ्या कामापेक्षा माझ्या पदराकडे लक्ष ठेवून असत, यंत्रात अडकेल म्हणून. काम साधं होतं. टाकी तयार झाली की तिची सगळी तोंडं बंद करायची, काठोकाठ पाणी भरायचं आणि पंपानं आतला दाब वाढवत न्यायचा. टाकीला आयुष्यात जेवढा सोसायचा आहे त्याच्या दीडपट. मग पंप बंद करून अर्धा तास दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर टाकी पास.

लोक विचारतात, पाणीच का, हवा का नाही? दाबलेली हवा सुटली की स्फोट होतो. पाणी तसं दाबलं जात नाही. पाण्यानं टाकी फाटली तर नुसतं फस्स होतं आणि तपासणारी बाई भिजून घरी जाते. मी अशी पुष्कळ वेळा भिजले आहे.

या कामाला फार हुशारी लागत नाही, संशय लागतो. आणि तो संध्याकाळी साडेपाचला कारखान्यात ठेवून येता येत नाही. घरात कुकरची शिटी, गॅसची नळी, गच्चीवरची पाण्याची टाकी, इतकंच काय, यांचं "आलोच पाच मिनिटांत" हेसुद्धा मी तपासल्याशिवाय कधी मान्य केलं नाही.

ती माणसं गेली हे मला कसं कळलं, तेही सांगते. नोकरीच्या सुरुवातीला एका दूध डेअरीत आम्हाला बोलावलं होतं. दुधाचा चांगला धडधाकट टँकर. त्यातलं दूध पंपानं ओढून घेत होते आणि वरचं झाकण उघडायचं राहून गेलं. आतलं दूध कमी होत गेलं आणि त्याच्या जागी हवा शिरायला वाट नव्हती. तेवढ्यावर बाहेरच्या हवेनं, आपल्या नेहमीच्या हवेनं, तो टँकर चेपून टाकला. हत्ती बसून गेलेल्या उशीसारखा तो दिसत होता. ड्रायव्हर केबिनमध्ये डबा खात होता. आम्ही पोचलो तेव्हाही त्याच्या हातात अर्धी भाकरी तशीच होती. मला म्हणाला, "ताई, काही होतंय असं वाटायच्या आतच होऊन गेलं होतं."

आतून दाब आला की टाकी आणखी गोल होते. बाहेरून आला की तिचा गोलपणाच मोडायला बघतो. एखादा पोचा असला की तिथून ती आत जायला लागते, आणि एकदा लागली की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपतं. त्या पाणबुडीच्या बातमीत एक वाक्य होतं, की आतल्या लोकांशी बोलणं आणि पाणबुडी कुठे आहे ते कळणं, दोन्ही एकाच वेळी बंद पडलं. एखादं यंत्र बिघडलं तर तेवढंच बंद पडतं. सगळं एकदम गप्प होतं तेव्हा गप्प व्हायला यंत्रच उरलेलं नसतं. चूक कोणाची ते शोधणारे शोधतील, मला त्यातलं काही माहीत नाही. पण ते ठोके माझ्यासाठी कधीच ठोके नव्हते.

चौथ्या दिवशी तळाशी तुकडे सापडले. त्यानंतर बागेतल्या बायका माझ्याशी जरा जपून बोलायला लागल्या. "तुम्हाला आधी कसं हो कळलं?" असं विचारून उत्तर ऐकायच्या आधीच उठून जात. एकीनं मात्र हळूच आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल विचारून घेतलं, करू की नको.

महिन्याभरानं आमचे चुलत दीर, बाळासाहेब, पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले.

बाळासाहेबांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. मनानं मोकळा, गप्पिष्ट माणूस, आणि सतत काहीतरी नवं करायची हौस. बागेत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, बैलगाडीची रपेट सुरू केली, चुलीवरचं जेवण सुरू केलं. पुण्या-मुंबईची माणसं येत होती. त्यांची मुलगी ऋतुजा, वय वीस, कॉलेज सांभाळून बुकिंगचे फोन घ्यायची आणि मोबाइलवर जाहिराती टाकायची.

"वहिनी," बाळासाहेब म्हणाले, "तुमच्या एका सहीचं काम हाय."

"कशावर?"

"पाणबुडीवर."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. पिवळाधमक रंग, पुढे दोन गोल खिडक्या, वर झाकण, पाठीवर वळवलेला हवेचा पाइप. मागे त्यांचं शेततळं. मी फोटो मोठा करून पाहिला. टाकीखालचे लोखंडी पाय मी ओळखले.

"भाऊजी, हा दुधाचा टँकर आहे."

"होता," ते खूश होऊन म्हणाले. "डेअरीनं विकायला काढला होता. पाच हजार लिटरचा, आतून स्टील. खिडक्या पाडल्या, दोन बाकडी बसवली. सहा माणसं बसतात. खाली सिमेंटचे ठोकळे बांधायचे, वरून क्रेननं अलगद पंधरा फूट खाली सोडायचं. दहा मिनिटं मासे बघा, वर या. त्या तिकडच्या पाणबुडीचं झालं नं, तेव्हापासून फोन थांबत नाय. दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग आत्ताच लागलंय."

"ती बुडाल्यावर लोक जास्त यायला लागले?"

"लय! जो तो म्हणतो, आपल्याला बसून बघायचंय. पण जो तो एक गोष्ट विचारतो, तपासली आहे नं? आधी कुणी विचारत नव्हतं. म्हणून म्हटलं, घरात एवढं शिकलेलं माणूस असताना बाहेर कशाला जायचं. तुमचं एक पत्र द्या. फ्रेम करून तिकीट खिडकीवर लावतो."

"पाण्यात घातली होती कधी?"

"छे. तुमच्या सहीशिवाय कशी घालीन?"

मी म्हटलं, बघायला येते. पेढे यांनीच खाल्ले.

द्राक्षबागेत गेले तेव्हा ऋतुजानं हसून स्वागत केलं, पण नंतर ती टँकरपासून जरा लांबच उभी राहिली. फोन आला की बाजूला जाऊन बोलायची. "हो, एकदम सेफ आहे. हो, तपासलेली आहे." दोनदा ते माझ्या कानावर पडलं. मी टँकरभोवती फिरले. माणूस काय म्हणतो ते मी नंतर ऐकते, आधी हात फिरवते. डाव्या बाजूला, खिडकीच्या मागे, हात खाली गेला. बशीएवढा उथळ खळगा. त्यावर पुट्टी भरून रंग मारलेला. आणि खिडकीच्या रबराच्या खाचेत हिरवं काहीतरी वाळलेलं. नखानं खरवडलं. शेवाळ.

"हे काय आहे, भाऊजी?"

"जुना पोचा. गाडी कुठं घासली असंल."

"आणि हे हिरवं?"

"पावसानं," ते म्हणाले आणि विषय बदलून जेवणाचं विचारायला लागले.

पाऊस वरून पडतो. ते शेवाळ खिडकीच्या खालच्या अंगाला होतं.

परतताना गाडीत हे म्हणाले, "देऊन टाक पत्र. पंधरा फुटांत काय होतंय? शिवाय आपण वाटणीत भांडलो होतो, आता नाही म्हणालीस तर सगळी भावकी म्हणेल, जुना राग काढला." माझ्या डोळ्यापुढे वेगळंच होतं.

नोकरीच्या मधल्या काळातली गोष्ट आहे. हवेची एक दुरुस्त केलेली टाकी माझ्याकडे आली होती. वेल्डिंगच्या कडेला नखाएवढी खाच दिसली. काटा हलला नव्हता. माल त्याच दिवशी जायचा होता, सुपरवायझर उभाच होता. म्हणाला, "निकमबाई, चालेल हो." मीही म्हटलं, चालेल. आणि सही केली. पाच महिन्यांनी सिन्नरकडच्या एका कारखान्यात ती टाकी फाटली आणि पुंजाराम नावाच्या ऑपरेटरचा उजवा हात कोपरापासून गेला. चौकशीत निघालं, की त्या लोकांनी जास्तीची हवा सोडणारी झडप खुंटी मारून बंद करून ठेवली होती. माझ्या सहीकडे कोणी बोटसुद्धा दाखवलं नाही. टाकीचे तुकडे भंगारात गेले. ती झडपेमुळे फाटली की त्या खाचेतून, हे मला आजपर्यंत माहीत नाही. मी विचारायलाही गेले नाही. लोक मला कडक म्हणत, एकही टाकी सोडत नाही म्हणत. मी एक सोडली होती.

मी बाळासाहेबांना फोन केला. "पत्र देते. पण आधी माझी टेस्ट. आत कोणी नसताना."

"घालू नं पाण्यात."

"पाण्यात घालायची गरज नाही. सगळी तोंडं बंद करा आणि आतली हवा ओढून घ्या. टाकीला वाटेल आपण पाण्याखालीच आहोत. जेवढी ओढू तेवढी खोल."

"हवा ओढायला मशीन कुठून आणायचं?"

"सेप्टिक टँक उपसणारी गाडी असते ना, तिला असतो तसा पंप."

त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग, "वहिनी, माझ्या पाणबुडीला मैल्याची गाडी जोडता?"

"नळी धुऊन आणायला सांगू."

नाही म्हणायची सोय त्यांना नव्हती. फोन करणारे सगळे तपासणीचं विचारत होते. दसऱ्याच्या आधीचा एक रविवार ठरला. मला वाटलं होतं, आम्ही चौघं-पाच जण असू. गेले तर मांडव! बाळासाहेबांनी टेस्टचाच कार्यक्रम केला होता. भावकी, गावातली माणसं, मोबाइल वर धरून उभी असलेली पोरं, चहाचं पातेलं. टँकरला झेंडूचा हार. आणि शेजारी ती उपसणारी गाडी, तिला मात्र हार नव्हता. तिचा ड्रायव्हर रघुनाथ, सुरगाण्याकडचा, शांत माणूस. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, वीस वर्सं लोकांच्या संडासातलं काढतो. आज पहिल्यांदा माझा फोटो काढला."

मी सगळ्यांना दोरीच्या मागे, चाळीस पावलं लांब उभं केलं. कुरकुर झाली. "हवाच तर काढायचीय, बॉम्ब नाही," कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "बाईंना मोठेपणा दाखवायचाय." माझ्या एका नणंदेनं ऐकू येईल असं म्हटलं, "द्यायचंच नाहीये पत्र, म्हणून ही सगळी नाटकं." मी झाकण स्वतः आवळलं, हवेच्या पाइपाचं तोंड बंद केलं, लांब नळी लावून गेज माझ्या हातात घेतला आणि रघुनाथला हात केला.

पंप सुरू झाला. काटा पाच फूट खोल पाण्याइतक्या दाबावर आला. काही नाही. आठ फूट. काही नाही. मी पंप बंद करायला लावला आणि पाच मिनिटं थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहा फूट. पुन्हा थांबले. आता लोक कंटाळले. चहा फिरायला लागला. बाळासाहेब दोरीपाशी येऊन म्हणाले, "झालं की, वहिनी! पोलाद हाय, पोलाद!"

"तुम्ही पंधरा फूट म्हणालात. अजून पाच बाकी आहेत."

"आपण बाराच फूट सोडू. बस?"

तेवढ्यात ऋतुजा गर्दीतून पुढे आली. "काकू, अजून ओढा," ती म्हणाली. "पंधरापर्यंत ओढा."

बाळासाहेबांनी तिच्याकडे रागानं पाहिलं. मी रघुनाथला हात केला.

काटा बाराच्या जरा पुढे गेला असेल. डाव्या बाजूनं 'टक्' असा आवाज आला, पत्र्याचा डबा दाबल्यावर येतो तसा. मी पंप थांबवायला हात वर केला, तो खाली यायच्या आत टँकर बसला. त्याला दुसरा शब्द नाही. दणका एवढा झाला की शेततळ्यावरचे बगळे उडाले. धूळ खाली बसली तेव्हा पिवळ्या रंगाखालून स्टीलची घडी बाहेर आलेली दिसली. एक खिडकी उडून पंचवीस पावलांवर पडली होती. आतली बाकडी एकमेकांत घुसली होती. तिथे माणसाला जागाच नव्हती. हार तसाच होता.

एक लहान मूल रडायला लागलं, त्याला कोणीतरी उचलून घेतलं.

मग हळूहळू आवाज फुटले, आणि ते मला अपेक्षित होते तसेच होते. "त्या गाडीनं जास्तीच ओढलं." "पाण्यात एवढं होत नसतं." "बाईंनी काटा बघितलाच नाही." मी गेज ज्याला हवा त्याला दाखवला. कोणाला नको होता. नणंद निघून गेली. ज्यांनी व्हिडिओ काढला होता त्यांचे मोबाइल भराभर चालत होते. रघुनाथनं आपली नळी काढली, गुंडाळली आणि एवढंच म्हणाला, "बरं झालं, आत कोनी नव्हतं."

बाळासाहेब शेततळ्याच्या बांधावर जाऊन बसले होते. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "वहिनी, मी खोटं बोललो. गेल्या थंडीत दोनदा खाली गेलो होतो. पंधरा फूट. दोन्ही वेळा वर आलो. म्हणून तर मला खात्री होती."

"एकटे?"

त्यांनी नाही अशी मान हलवली. "दुसऱ्या वेळी ऋतुजाला घेऊन."

तो बशीएवढा खळगा गाडी घासल्याचा नव्हता, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या दोन खेपांनीच त्या पत्र्याचा गोलपणा मोडून ठेवला होता. तिसऱ्या खेपेला आत सहा माणसं बसणार होती.

ऋतुजा मागे येऊन उभी होती, आम्हाला कळलं नव्हतं. ती म्हणाली, "काकू, दुसऱ्या वेळी आत असाच आवाज आला होता. टक्. माझ्या पाठीशी. मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, क्रेनची साखळी आहे."

"मला खरंच साखळी वाटली," बाळासाहेब म्हणाले. "नंतर पोचा दिसला, तेव्हा... तेव्हा पुट्टी भरली." आणि ते एखाद्या लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले. मोठ्या आवाजाचा माणूस. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी आयुष्यभर अशा माणसांवर रागावत आले होते, पण बांधावर बसून रडणाऱ्या माणसाशेजारी बसायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

मांडव रिकामा झाल्यावर ऋतुजा बुकिंगची वही घेऊन आली. "सगळ्यांना कळवायला पाहिजे. काकू, तुम्ही बसाल माझ्याजवळ?"

बाळासाहेब म्हणाले, "मेसेज टाकून दे. काही तांत्रिक अडचणीमुळे रद्द."

ती म्हणाली, "नाही, मी बोलते."

ओट्यावर बसून तिनं एकेक नंबर लावायला सुरुवात केली. पहिल्या चार-पाच जणांना ती सांगत होती, की टेस्टमध्ये फेल झाली, म्हणून बंद करतोय. नाशिकच्या एका गृहस्थांनी विचारलं, मग दुरुस्त कधी होणार? कॉलेजच्या एका टोळक्यानं सांगितलं, आम्ही लिहून देतो, आमच्या जबाबदारीवर बसू, थोडं वरवरच सोडा. एक बाई म्हणाल्या, आम्हाला आधीच शंका होती, ही असली ठिकाणं फसवीच असतात. ऋतुजा प्रत्येकाला "हो, सॉरी" म्हणत होती.

मग देवळाली कॅम्पमधल्या एका बाईंचा नंबर आला. नवरा लष्करात. तो दिवाळीला रजेवर येणार होता, तेव्हासाठी तिनं दोन मुलं आणि सासू-सासरे धरून सहा जागा घेतल्या होत्या. ऋतुजानं फोन स्पीकरवर ठेवला होता. पुढचं सगळं मला ऐकू येत होतं.

"अहो, पण मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं," त्या बाई म्हणाल्या. "ती बातमी बघून मला भीती वाटली होती. मुलं हट्ट करत होती म्हणून विचारलं. तुम्हीच म्हणाला होतात ना, एकदम सेफ आहे, तपासलेली आहे?"

ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं. काय सांगायचं ते मी सुचवू शकले असते. तेव्हा मला माहीत नव्हतं, एवढंच म्हण, असं. मी ते सुचवलं नाही.

"हो, मीच म्हणाले होते," ती म्हणाली. "तपासलेली नव्हती. आणि मी आत बसले होते तेव्हा आवाज आला होता. मला शंका होती, तरी मी तुम्हाला सेफ आहे म्हणून सांगितलं."

पलीकडे मुलांचा दंगा आणि कुकरची शिटी ऐकू येत होती. मग त्या बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सहा जण होतो आम्ही," आणि फोन ठेवला.

ऋतुजानं ओढणीनं डोळे पुसले आणि पुढचा नंबर लावला. वहीत अजून एकोणीस नावं होती. त्यातल्या बहुतेकांनी काहीच विचारलं नाही, रद्द झालं एवढं कळल्यावर ते फोन ठेवायला निघाले होते. तिनं प्रत्येकाला थांबवलं, आणि जे त्या बाईंना सांगितलं होतं तेच सांगितलं.